सीडी गाते, सिनेमा नुसता खरखरतो: डिस्क प्लेअर ॲम्पला डिजिटल वायरीनं जोडताना

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका गेल्या वर्षात एकाच तक्रारीसाठी तीनदा जिना चढून वर आले. डीव्हीडी प्लेअरचा आवाज ॲम्पमधून कधी येतो, कधी येत नाही, आणि सिनेमा लावला की नुसतीच खर्रर्र. पहिल्या खेपेला मी ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून आवाज नेणारी, वायर बदलली. लगेच आवाज आला, काकूंनी पोहे खायला घातले, विषय मिटला. दुसऱ्या खेपेला त्याहून महाग वायर आणली. पुन्हा आवाज, पुन्हा पोहे. तिसऱ्या खेपेला कोॲक्शिअल, म्हणजे तांब्याची डिजिटल वायर. आता त्यांच्या कपाटात तीन वायरी आहेत, तिन्ही धडधाकट. त्यांतली एकही बदलायची गरज नव्हती, हे मला तिसरे पोहे पचल्यावर चार दिवसांनी कळलं.

हीच तक्रार मला निरनिराळ्या घरांतून ऐकू येते, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

काकांकडची मांडणी आधी सांगतो, कारण अशी मांडणी बऱ्याच जणांकडे असते. ॲम्प जुना, स्टीरिओ, वजनदार, मागे फक्त लाल-पांढरी सॉकेटं. डिजिटल इनपुट नाहीच. प्लेअर साधा डीव्हीडीचा. त्याच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून घरघर यायला लागली, तेव्हा मीच पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक काळी डबी आणून दिली होती. डिजिटल आवाज आत घ्यायचा, साधा करून लाल-पांढऱ्यातून बाहेर सोडायचा, एवढंच तिचं काम. दुकानदार तिला 'कन्व्हर्टर' म्हणतो, हौशी मंडळी 'डॅक' म्हणतात. हातात मावते, पाच व्होल्टवर चालते, एका बाजूला ऑप्टिकल आणि कोॲक्शिअल अशी दोन तोंडं.

चौथ्यांदा बोलावणं यायच्या आधी मीच खाली गेलो आणि म्हटलं, "काका, आता आठवडाभर कशालाही हात लावायचा नाही. फक्त लिहून ठेवा. कुठली डिस्क, किती वाजता लावली, आवाज कसा आला."

काका आयुष्यभर हिशेब तपासनीस. त्यांनी जुन्या डायरीत पट्टीनं रकाने आखले. चार दिवसांतच पान माझ्या हातात आलं:

सकाळी ६.३०. अभंगांची सीडी. आवाज नाही.
रात्री ९. तीच सीडी. उत्तम.
रात्री ९.४५. सिनेमाची डीव्हीडी. खर्रर्र.
रविवार दुपारी ३. नाटकाची व्हीसीडी. उत्तम.
सोमवार सकाळी ६.३०. अभंगांची सीडी. आवाज नाही.

शेवटच्या रकान्यात शेरा: "सौ. म्हणतात, डबी सकाळी झोपलेली असते."

वायर खराब असती तर तिला सकाळ-संध्याकाळ कळली नसती, आणि सीडी-डीव्हीडी तर मुळीच कळली नसती. म्हणजे दोष एक नाही, दोन आहेत, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे मी वर्षभर चकत होतो.

खर्रर्र कुठून येते

प्लेअरच्या मागच्या डिजिटल सॉकेटला एसपीडीआयएफ म्हणतात. नावातली पहिली दोन अक्षरं सोनी आणि फिलिप्स यांची, ज्यांनी मिळून सीडी आणली. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर आवाज एकाच प्रकारे लिहिलेला असे: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन चॅनल. ह्या सरळ, न दाबलेल्या आकड्यांना पीसीएम म्हणतात. डबीला हे आकडे वाचता येतात. पण तिला तेवढंच वाचता येतं.

डीव्हीडी आल्यावर त्याच वायरीतून दुसरा माल जायला लागला. सिनेमाचे सहा चॅनल डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस पद्धतीनं दाबून, गाठोडं बांधून डिस्कवर ठेवलेले असतात. डीव्हीडीवरच्या डॉल्बी डिजिटलचं गाठोडं सेकंदाला फार तर ४४८ किलोबिटांचं. सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट घेतो, म्हणजे तिप्पट. त्यामुळे सीडीसाठी बनलेल्या वाटेतून सहा चॅनलचं गाठोडं आरामात जातं. फक्त पलीकडे ते सोडणारा कोणीतरी हवा. होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे पुढचे-मागचे सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्पमध्ये, तो असतो. काळ्या डबीत नसतो.

आता प्लेअरच्या सेटिंगमध्ये जा. साध्या प्लेअरांत 'ऑडिओ सेटअप'खाली एसपीडीआयएफचे तीन पर्याय दिसतात: ऑफ, रॉ आणि पीसीएम. काहींत 'रॉ'च्या जागी 'बिटस्ट्रीम' लिहिलेलं असतं. रॉ म्हणजे गाठोडं न सोडता जसंच्या तसं पुढे पाठवा. पीसीएम म्हणजे प्लेअरनंच ते सोडावं, सहाचे दोन चॅनल करावेत आणि मग पाठवावं. काकांचा प्लेअर 'रॉ'वर होता.

म्हणून तर सीडी वाजत होती. सीडीवर मुळातच पीसीएम आहे, तिला 'रॉ' पाठवलं काय आणि 'पीसीएम' पाठवलं काय, फरक शून्य. व्हीसीडीवरचा आवाजही दाबलेलाच असतो, पण वेगळ्या पद्धतीनं, आणि काकांचा प्लेअर तो स्वतःच सोडून पाठवतो. अडकत होती ती फक्त डीव्हीडी. कोणी म्हणालं की "सीडी छान वाजते, म्हणजे सेटिंग बरोबर आहे," तर तिथेच थांबवा. सीडी वाजली तर वायर, सॉकेट आणि डबी तिन्ही ठीक आहेत एवढं सिद्ध होतं. सेटिंग 'रॉ' आहे की 'पीसीएम', याबद्दल सीडी काहीच सांगत नाही. माझी चूक नेमकी इथे झाली. प्रत्येक वेळी वायर बदलून मी चाचणीला अभंगांची सीडी लावायचो.

काही घरांत खर्रर्र येते आणि काही घरांत नुसती शांतता, त्याचंही कारण आहे. प्लेअर आवाजाच्या आकड्यांसोबत एक छोटीशी खूणही पाठवतो: हा सरळ आवाज आहे की नाही. नीट बनवलेला डॅक ती खूण पाहतो आणि 'हे आपलं काम नाही' म्हणून तोंड बंद करतो. स्वस्त डबी खुणेकडे बघतच नाही, गाठोड्यातले आकडे आवाज समजून सरळ स्पीकरला देते. तीच ती खर्रर्र. ती पूर्ण जोरात येते, हळूबिळू नाही, म्हणून चाचणी करताना ॲम्पचा आवाज अगदी कमी ठेवा. बारीक स्वरांच्या छोट्या स्पीकरला असला मारा सोसत नाही.

एक अपवाद. डीटीएसमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या काही सीडी निघाल्या होत्या. त्यांच्यावरचं गाठोडं साध्या पीसीएमचा वेष घेऊन बसलेलं असतं. साधा सीडी प्लेअर फसतो, 'सरळ आवाज'चीच खूण लावतो, आणि मग चांगल्यातला चांगला डॅकही खरखरतो. तुमच्याकडे एकच सीडी अशी वागत असेल आणि बाकीच्या नीट वाजत असतील, तर तिच्या वेष्टनावर डीटीएसची खूण आहे का पाहा.

काकांकडे मी सेटिंग 'पीसीएम' केलं, त्याच्याखालचा एलपीसीएमचा (म्हणजे पीसीएमचाच) पर्याय ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर, ठेवला. ९६ सगळ्या डब्यांना झेपत नाही. डीव्हीडी पुन्हा लावली आणि नायिका बोलायला लागली.

आणि डबी सकाळी खरंच झोपलेली होती

काकूंचा शेरा मी हसण्यावारी नेला होता. मग डबीच्या पाठीमागची बारीक वायर हातानं चाचपत गेलो, तर ती भिंतीकडे जाईचना. टीव्हीच्या मागे वळली आणि त्याच्या यूएसबी सॉकेटमध्ये शिरली.

मी लावून दिली तेव्हा ती स्वतःच्या ॲडॉप्टरवर होती. पण एक्स्टेन्शन बोर्डवर चारच जागा, आणि नातू सुट्टीला आला की एक जागा त्याच्या मोबाईलला लागते. काकांनी डबीचा ॲडॉप्टर काढून ठेवला आणि वायर टीव्हीत खोचली. 'पाच व्होल्ट इथेही मिळतात' हे नातवानंच त्यांना सांगितलं होतं, आणि ते खोटं नाही. फक्त टीव्ही बंद केला की बहुतेक टीव्हींचा यूएसबी पुरवठाही बंद होतो. काका सकाळी टीव्ही न लावता सीडी ऐकतात. प्लेअरवर आकडे पळतात, ॲम्पचा दिवा लागलेला असतो, आणि मधली डबी मेलेली. रात्री टीव्ही चालू असतो, डबी जिवंत असते.

मग लक्षात आलं की मी दर वेळी ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी त्यांच्याकडे जायचो आणि सेटिंग बघायला म्हणून पहिल्यांदा टीव्ही लावायचो. आवाज वायरीनं आलेलाच नव्हता.

हे बोलत असताना काकांनी खर्चाची वही काढली. वायरींच्या नोंदी तारखेसह होत्या: पहिली मे महिन्यातली, दुसरी गणपतीतली, तिसरी दिवाळीतली. काकू म्हणाल्या, "म्हणजे बाळ आला की वायर खराब होते." नातू आला की सिनेमे लागतात आणि बोर्डावरची जागा जाते. तो गेला की काका पुन्हा सीडी आणि व्हीसीडीवर येतात, ॲडॉप्टर पुन्हा भिंतीत जातो, आणि सगळं आपोआप 'दुरुस्त' होतं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडात मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: मधल्या काळात ते बरं कशानं झालं?

सहा जागांचा बोर्ड आणून दिला. वायरींच्या तुलनेत स्वस्त पडला.

तुमच्याकडे डबी नसेल, किंवा असूनही वेगळंच काही होत असेल तर

सगळ्यात आधी प्लेअरच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून साधी वायर ॲम्पला लावून पाहा. ह्या वाटेनं आवाज आला तर डिस्क ठीक, प्लेअर ठीक, ॲम्प आणि स्पीकरही ठीक. राहिला फक्त डिजिटल रस्ता. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि लोक ती हमखास टाळतात, कारण 'डिजिटल घेतलंय ना' हा अभिमान आडवा येतो.

ऑप्टिकल वायर असेल तर प्रकाश बघा. ही पद्धत तोशिबानं १९८३ मध्ये आणली, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. वायरीत तांबं नसतं, साधारण एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तंतू असतो आणि त्यातून लाल प्रकाश लुकलुकत जातो. प्लेअर चालू करा, वायरीचं ॲम्पकडचं टोक काढा आणि तळहातावर धरा. डोळ्यासमोर नको. खोलीतला दिवा मालवला तर तळहातावर ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका दिसेल. ठिपका नसेल तर वायरीला दोष द्यायच्या आधी ती प्लेअरकडून काढा आणि प्लेअरच्या सॉकेटमध्येच लाल दिसतंय का बघा. तिथेच अंधार असेल तर सेटिंगमध्ये एसपीडीआयएफ 'ऑफ' आहे, किंवा सॉकेट गेलं. सॉकेटमध्ये उजेड आहे आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला नाही, तेव्हा कुठे वायर दोषी.

नवी वायर असेल तर टोकांवरची टोपणं. दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकचं इवलंसं टोपण घातलेलं असतं आणि ते इतकं स्वच्छ असतं की दिसतच नाही. मी स्वतः एक आख्खी संध्याकाळ त्यावर घालवली आहे. पिन आत जात होती, पण 'टक' असा आवाज येत नव्हता, आणि मी सॉकेटच्या झडपेला शिव्या देत होतो. ऑप्टिकलची पिन बसली की बोटांना टक जाणवतंच. जाणवलं नाही तर ती बसलेली नाही. जोर लावू नका, चौकोनी पिनेचे दोन कोपरे कापलेले असतात, ते जुळवून घ्या.

कपाटामागे जागा नसली की लोक ऑप्टिकल वायर काटकोनात दाबतात. तांब्याची वायर हे सहन करते, प्लॅस्टिकचा तंतू नाही. साधारण अडीच सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण देऊ नका. पाच मीटरपेक्षा लांब नेऊही नका. पावसाळ्यानंतर आवाज तुटायला लागला तर टोक कोरड्या, मऊ फडक्यानं पुसा, बुरशी आणि धूळ दोन्ही तिथे बसतात.

कोॲक्शिअलचं प्रकरण सोपं. सॉकेट बहुधा नारिंगी किंवा काळं, पिन आपली नेहमीची आरसीए, म्हणजे लाल-पांढऱ्या वायरीला असते तशी. वायर ७५ ओहमची हवी, आणि गंमत म्हणजे तशी वायर तुमच्या घरात पडलेली असते. जुन्या टीव्हीची पिवळी व्हिडिओ वायर ७५ ओहमचीच असते. 'खास डिजिटल' म्हणून विकायला ठेवलेली वायर घ्यायच्या आधी ती पिवळी लावून बघा. डिशवाल्यानं गच्चीवरून आणलेली आरजी-६ सुद्धा ७५ ओहम, तिच्या उरलेल्या तुकड्याला आरसीए पिना लावल्या की चार-पाच मीटरची झकास डिजिटल वायर होते. फक्त तिची मधली तार जाड असते, डाग द्यायला हात स्थिर लागतो. ऑडिओची लाल-पांढरी वायरसुद्धा एक मीटरपर्यंत बऱ्याचदा चालून जाते. चाचणीला हरकत नाही, कायमची ठेवू नका. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांबद्दल मी काही बोलत नाही, घरात भांडणं होतात.

नारिंगी सॉकेटातली वायर ॲम्पच्या लाल किंवा पांढऱ्या सॉकेटात खुपसून मात्र काही होणार नाही. पिन बसते, म्हणून लोकांना वाटतं की चालेल. सीडी लावली की आवाजाचे आकडे, सोबतच्या खुणा आणि रिकाम्या जागा धरून ह्या वायरीतून सेकंदाला सुमारे २८ लाख बिट धावत असतात. ते कानाच्या कितीतरी वरचं आहे. ऐकू आलंच तर बारीक चिरचिर.

दोन्ही टोकं 'आउट'मध्ये घातलेलीही मी पाहिली आहेत. टीव्हीच्या मागे असलेलं ऑप्टिकल सॉकेट हे बाहेर पडायचं दार आहे, आत यायचं नाही. काही जुन्या रिसीव्हरांवर रेकॉर्डरसाठी ऑप्टिकल 'आउट' असतं आणि ते नेमकं 'इन'च्या शेजारी असतं. अंधारात मागे हात घालून चाचपण्यापेक्षा मोबाईलनं फोटो काढा आणि मोठा करून वाचा. कंबरही वाचते.

रिसीव्हरवाल्यांसाठी

होम थिएटरच्या रिसीव्हरची गोष्ट निराळी. त्याला गाठोडं सोडता येतं, म्हणून तिथे प्लेअर 'रॉ' किंवा 'बिटस्ट्रीम'वरच ठेवायचा. पीसीएमवर ठेवलात तर आवाज येईल, पण सहाऐवजी दोनच चॅनल, आणि मागचे स्पीकर मुके. "मागचे स्पीकर गेले" म्हणून ते खोलून बघणारे लोक मला माहीत आहेत.

रिसीव्हरमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे इनपुटची नेमणूक. पुढच्या बाजूला तुम्ही 'डीव्हीडी' निवडता. मागे वायर 'ऑप्टिकल १'मध्ये असते. पण रिसीव्हरच्या मनात 'डीव्हीडी' म्हणजे 'कोॲक्शिअल १' असं कारखान्यातूनच ठरलेलं असू शकतं. मग तो रिकाम्या सॉकेटात कान लावून बसतो. मेनूमध्ये 'इनपुट असाइन' शोधा आणि जोडणी करून द्या, नाहीतर सरळ वायर उचलून त्याच्या आवडीच्या सॉकेटात लावा. मी दुसरा मार्ग घेतो. मेनू पुन्हा रीसेट झाला तरी वायर जागेवर राहते.

गाण्याचा पहिला शब्द कापला जातो, ही आणखी एक तक्रार. रिसीव्हर आधी ओळखतो की कसला आवाज आला आहे, मगच दार उघडतो, आणि तेवढ्या क्षणात 'सा' निघून जातो. फक्त सीडी ऐकत असाल तर रिसीव्हरमध्ये इनपुट 'ऑटो'वरून 'पीसीएम' करा, ओळखपरेडच होणार नाही. सिनेमा बघताना परत ऑटो करायला विसरू नका, नाहीतर पुन्हा शांतता, आणि पुन्हा वायरीवर संशय.

आवाज मध्येच तुटत असेल तर चित्राकडे बघा. चित्रही अडखळत असेल तर दोष डिस्कचा किंवा लेन्सचा, वायरीचा विचारच करू नका. चित्र वाहतं आहे आणि आवाज तेवढा टकटक तुटतो आहे, तर वायर, पिन, सॉकेट ह्यांच्याकडे या. कोॲक्शिअलची पिन सॉकेटात हलकेच गोल फिरवून पाहा. आरसीएची बाहेरची कडी सैल झाली की असं होतं, पकडीनं किंचित आवळली की बसते.

ब्लू-रेचं थोडक्यात. २००६ मध्ये ब्लू-रे आली तेव्हा तिच्यावर डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असे न बिघडवता दाबलेले आवाज आले. ते ऑप्टिकल किंवा कोॲक्शिअलमधून जात नाहीत, वाट तेवढी रुंद नाही. त्यातून जातं ते त्यांच्यासोबतचं साधं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस. ऐकायला ते वाईट नसतं, पण "रिसीव्हरवर ट्रूएचडी का लिहून येत नाही" याचं उत्तर ते आहे. काही ब्लू-रेवर सहा चॅनलचं पीसीएम असतं, तेही ऑप्टिकलमधून दोनच चॅनल होऊन येतं. पूर्ण हवं असेल तर एचडीएमआय, आणि रिसीव्हरवर ट्रूएचडी उमटायला हवं असेल तर प्लेअर व रिसीव्हर दोन्ही एचडीएमआय १.३ किंवा पुढचे. त्यातही ट्रूएचडी उमटत नसेल तर प्लेअरमध्ये 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'ऑडिओ मिक्स' अशा नावाचं काहीतरी चालू असेल, ते बंद करा. ते चालू असलं की प्लेअर सगळं स्वतः सोडतो, त्यात मेनूच्या बटणांचे आवाज मिसळतो आणि मग पुढे पाठवतो.

एचडीएमआयमध्ये वायरींचा क्रमही महत्त्वाचा. प्लेअरमधून रिसीव्हरला, रिसीव्हरमधून टीव्हीला. बरेच जण प्लेअर सरळ टीव्हीला जोडतात आणि टीव्हीच्या ऑप्टिकलमधून आवाज रिसीव्हरला आणतात. कित्येक टीव्ही एचडीएमआयनं आलेला आवाज ऑप्टिकलला देताना त्याचे दोन चॅनल करून टाकतात. प्लेअर आणि रिसीव्हर बरोबर, मधला टीव्ही घात करतो.

सुपर ऑडिओ सीडी बाळगणारे कमी, पण तेच सगळ्यात जास्त चिडतात. ही १९९९ मध्ये आली. तिच्यातला वरच्या दर्जाचा आवाज नक्कल होऊ नये म्हणून प्लेअर एसपीडीआयएफमधून बाहेर सोडतच नाहीत. ऑप्टिकल वायरीचं टोक प्रकाशमान, ॲम्प मात्र मुका. प्लेअरमध्ये डिस्कचा सीडीचा थर निवडा, बऱ्याच अशा डिस्कवर तो असतो. किंवा लाल-पांढऱ्या वायरीनं ऐका. प्लेअर चांगला असेल तर त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी गुणगुण. कोॲक्शिअल लावली की स्पीकरमधून 'हंऽऽ' असा आवाज येतो आणि काढली की जातो, तर एकदा टीव्हीची केबलची वायर काढून पाहा. गुणगुण थांबली तर गच्चीवरून येणाऱ्या केबलचं अर्थिंग आणि तुमच्या घराचं अर्थिंग ह्यांच्यात तंटा आहे, आणि कोॲक्शिअलच्या तांब्यानं तो ॲम्पपर्यंत आणला. अशा घरात ऑप्टिकल लावा, प्रकाशातून अर्थिंग जोडलं जात नाही. ॲम्पच्या प्लगची तिसरी, जाड पिन कापून गुणगुण थांबवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे.

काकांकडचं उरलेलं

सगळं झाल्यावर दोन आठवड्यांनी काका पुन्हा वर आले. ह्या वेळी डायरी घेऊनच. एका संगीत मैफलीची डीव्हीडी चित्र दाखवत होती, खर्रर्र नव्हती, पण आवाजही नव्हता. सेटिंग पीसीएमवरच होतं, डबी ॲडॉप्टरवर होती, दोन्ही त्यांनी आधीच तपासून बरोबरच्या खुणा केल्या होत्या.

त्या डिस्कवर दोन आवाज होते, डॉल्बीचा आणि डीटीएसचा, आणि ती उघडताना आपोआप डीटीएस निवडत होती. स्वस्त प्लेअरांना डॉल्बीचं गाठोडं सोडता येतं, डीटीएसचं सोडता येईलच असं नाही. येत नसेल तर पीसीएमवर ते सरळ शांतता पाठवतात. रिमोटवरचं 'ऑडिओ' बटण एकदा दाबलं, पडद्यावर डॉल्बी उमटलं आणि तबला ऐकू आला.

काकांनी रिमोटच्या मागे सेलच्या झाकणावर कागद चिकटवला आहे. वर 'ऑडिओ सेटअप, एसपीडीआयएफ, पीसीएम', त्याखाली 'डबी भिंतीत', त्याखाली 'ऑडिओ बटण'. नातू मे महिन्यात येणार आहे, त्याला आधी हे वाचायला लावणार म्हणाले. पहिली ऑप्टिकल वायर मी परत आणली, सध्या ती माझ्या ब्लू-रेला लावली आहे. छान चालते.